खेळणारा एक, सांगणारा एक

व्हिडिओ गेमच्या डबीच्या मागं, खालच्या कोपऱ्यात, एका माणसाचं लहानसं चित्र असायचं आणि त्याच्याशेजारी एकचा आकडा. हा खेळ एकानंच खेळायचा, असा त्याचा अर्थ. ज्या कंपनीचं ते टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र होतं तिचा सगळा जीवच असल्या खेळांत होता. फुटबॉल, कुस्त्या, गाड्यांच्या शर्यती तिच्या यंत्रावरही चालायच्या, पण ती ओळखली जायची गोष्टींसाठी. लांबलचक गोष्ट, तिच्यात एक माणूस, आणि टीव्हीसमोर बसून त्याला चालवणारा एकटा खेळाडू. परवा मोबाईलवर वाचलं, की सगळं जग इंटरनेटवर जमावानं खेळायला लागलं तरी या कंपनीनं एकट्याच्या गोष्टींचा नाद सोडलेला नाही. वाचून आधी बरं वाटलं. मग जेवणावरचं मन उडालं.

अशी एक गोष्ट मी जवळजवळ वर्षभर खेळलो आहे, आणि तेही यंत्राला हात न लावता.

तेव्हा मी शहरात बी.कॉम. करत होतो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आमचं गाव फुलंब्रीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. रोज सकाळी काळीपिवळी जीपमध्ये कोंबून हर्सूलमार्गे शहरात यायचं आणि संध्याकाळी तसंच परत जायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आजोबांपासून सगळे मेंढरांमागं. ती सलग दुष्काळाची वर्षं होती. वडील मेंढरं घेऊन नदीकाठाला गेले होते, आई टँकरची वाट बघत गावात. आणि जीपच्या खिडकीतून दिसायचं ते वेगळंच. करपलेल्या रानात पांढरे रंगवलेले दगड पुरून प्लॉट पाडलेले, मोठाल्या कमानी उभ्या, कमानींवर बागांची आणि झऱ्यांची नावं, आणि आत एकही घर नाही. आमच्या विहिरीत पाणी नव्हतं आणि शहर मात्र आमच्याकडं चालत येत होतं.

माझा दोस्त छावणीत, शहरातल्या जुन्या लष्करी भागात राहायचा. वर्गात माझ्याच बाकावर बसायचा. वडिलांचं बाजारात गाद्या-रजयांचं दुकान, मोठा भाऊ आखातात नोकरीला. तो भाऊ सुट्टीवर येताना ते यंत्र घेऊन आला होता. दोस्त वर्गात फार बोलत नसे. चौथीपर्यंत उर्दू शाळेत होता, इंग्रजीत कसाबसा पास झाला होता, आणि ते तो स्वतःच हसून सांगायचा. मला मात्र दहावीला इंग्रजीत शाळेत पहिला नंबर होता, त्यावरून तो मला मास्तर म्हणायचा. गुरुजींनी माझी वही साऱ्या वर्गात फिरवली होती. ज्या गुरुजींनी मला ती भाषा दिली त्यांचं देणं मी आजही मानतो. पण त्या वर्गात आम्ही इंग्रजी वाचली, लिहिली, पाठ केली. कुणी बोलताना कधी ऐकली नाही. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पहिल्यांदा तो मला घरी घेऊन गेला तेव्हा मी उंबऱ्याजवळच बसलो. खालची खोली, भिंतीला लावलेला मोठा टीव्ही, कोपऱ्यात गाद्यांची चळत. त्याची आई, मी तिला खाला म्हणायचो, चहा आणि बिस्किटं घेऊन आली. मी चहा घेतला, बिस्किट घेतलं नाही.

"बेटा, खाता काइकू नई?"

"पोट भरलंय, खाला."

"सुबू फुलंब्री से निकला, पेट कब भरा तेरा?" ती म्हणाली आणि बशी माझ्या मांडीवर ठेवून गेली.

माझी अडचण पोटाची नव्हती. आमच्याकडं कुणाच्या घरी फुकट बसत नाहीत. मेंढरांची लोकर कातरायची असली की शेजारचे कात्र्या घेऊन येतात, राबतात, जेवतात. त्यांच्या कातरणीला मग आपण जायचं. याला आम्ही सावड म्हणतो. सावड फेडता येत नसेल त्या घरी आई पाणीसुद्धा पिऊ देत नसे. दोस्ताच्या घरी मी काय फेडणार होतो? त्याच दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा मी खालाच्या हातातली बादली घ्यायला गेलो. त्या वर्षी शहरात पाणी बऱ्याच दिवसांनी एकदा यायचं, आणि आलं की सगळी गल्ली भांडी घेऊन धावायची. खालानं बादली सोडलीच नाही. म्हणाली, "मेहमान से पानी नई भरवाते."

दुसऱ्यांदा त्यानं बोलावलं तेव्हा मी जीप चुकेल म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदाही तेच.

मग एका दुपारी वर्गातून बाहेर पडताना तो म्हणाला, "यार मास्तर, एक काम कर ना मेरा. नया गेम आया, पूरी कहानी है उसमें. सब अंग्रेजी में बोलते, नीचे लिखके भी आता, पर मेरेकू समझताच नई. तू पढ़के बता. नई तो डिस्क बेकार गई."

मी त्याच दिवशी गेलो. उंबरा सोडून थेट त्याच्याशेजारी गादीवर बसलो. बिस्किटंही खाल्ली.

गोष्ट अशी होती. बर्फाच्या डोंगरांतून एक बाई आपल्या भावाला शोधायला निघाली आहे. भाऊ डोंगरापलीकडच्या खाणीत कामाला गेला आणि परतला नाही. वाट दाखवायला तिच्यासोबत एक म्हातारा मेंढपाळ आहे. बाईला दोस्त चालवायचा. त्याचे अंगठे इतके सहज फिरायचे की बाई स्वतःच चालते आहे असं वाटे. माणसं बोलायला लागली की खाली इंग्रजी ओळ यायची आणि ती वाचून मी सांगायचो. मराठीत सुरू करायचो, मधेच त्याच्या बोलीत शिरायचो.

"ती म्हणते, मेरा भाई जिंदा है. आणि हा म्हणतो, तुला कसं माहीत?"

"फिर?"

"फिर ती काही बोलत नाही. बघ, नुसती बघतेय."

"हौ, वो तो मेरेकू बी दिखरा, मास्तर. आँखें हैं मेरेकू." आणि तो हसायचा.

ओळी भराभर जायच्या. अर्धी वाचेपर्यंत दुसरी. मी जमेल तेवढी पकडायचो आणि उरलेली अंदाजानं भरायचो. माझा अंदाज बरोबर असणार याची मला खात्री वाटे, कारण तो म्हातारा मला पाठ होता. काठीवर हनुवटी टेकून उभं राहणं, ढगांकडं बघून थुंकणं, माणसांपेक्षा जनावरांशी जास्त बोलणं. हे सगळं मी घरी बघत आलो होतो. दोस्त म्हणायचा, "तेरी इंग्लिश एकदम मस्त है यार. तेरेकू तो ये कंपनीवाले नौकरी पे रखना." मी लाजायचो आणि परतीच्या जीपमध्ये ते वाक्य पुन्हापुन्हा मनात घोळवायचो.

खेळाचं एक वैशिष्ट्य होतं. कधीकधी तो थांबून विचारायचा, हे करू की ते करू? उत्तर द्यायला अगदी थोडा वेळ मिळायचा. एकदा बटण दाबलं की गोष्ट त्या वाटेनं पुढं जायची आणि खेळ आपोआप तिथं खूण करून ठेवायचा. मागं फिरता यायचं नाही.

असंच एकदा डोंगरातल्या खिंडीत झालं. वादळ सुटलेलं. म्हातारा थांबला, बाईकडं पाठ करून बराच वेळ बोलला. आवाज वाऱ्यात विरत होता आणि खालच्या ओळी भरभर पळत होत्या. मला त्यातलं 'एकटा', 'पुढं', 'ओझं' एवढंच मिळालं. मग पडद्यावर दोन पर्याय आले. त्याला जाऊ द्या, किंवा त्याचा हात धरा.

"क्या बोला वो? जल्दी बोल."

"तो रागावलाय," मी म्हणालो. "म्हणतोय तुमचं ओझं झालंय मला, मी एकटा पुढं जातो. जाऊ दे त्याला. अशा माणसाला अडवलं की जास्त बिघडतं."

मला एका क्षणाचीही शंका नव्हती. माझे वडील रागावले की असेच कळप सोडून एकटे पुढं चालू लागतात. त्यांना हाक मारायची नसते. पुढच्या टेकाडावर ते आपोआप थांबलेले सापडतात.

दोस्तानं बटण दाबण्याआधी माझ्याकडं बघितलं. वेळ संपत आला होता आणि तो पडद्याकडं न बघता माझ्याकडं बघत होता. मग त्यानं 'जाऊ द्या' दाबलं.

म्हातारा बर्फात गेला. पुढच्या वळणावर तो सापडला नाही, काठी सापडली. बाई ओरडली. दोस्त उठून म्हणाला, "चाय लाऊँ?"

त्यानंतर बाई एकटीच चालत राहिली. गोष्ट जरा रुक्ष झाली. तिच्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळं मला सांगण्यासारखंही कमीच उरलं. तरी मी जात राहिलो.

शेवटच्या वर्षाच्या उन्हाळ्यात चिकलठाण्याकडच्या एका कंपनीत मुलाखती असल्याचं कळलं. परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं काम. इंग्रजी ऐकता-बोलता आली पाहिजे, एवढी एकच अट. मी दोस्ताला विचारलं, "जमेल का मला?"

"तेरेकू नई जमेगा तो किसकू जमेगा?" तो म्हणाला. पण हे म्हणताना तो आपल्या मोटरसायकलचा आरसा पुसत होता. पुढं म्हणाला, "पहले थोडी प्रॅक्टिस करते ना. मैं तेरेकू फोन पे..." आणि थांबला.

"तू कसली प्रॅक्टिस घेणार मला?" मी हसून म्हणालो. तोही हसला.

वडील नदीकाठावरून फोनवर म्हणाले होते, चारा कुठंच राहिला नाही, अर्धी मेंढरं विकावी लागतील. ही नोकरी लागली तर विकावी लागणार नाहीत, असा माझा हिशोब होता. आईनं शेजारणीकडून इस्त्री आणून माझा शर्ट स्वतः इस्त्री केला. त्या सबंध गावात तेव्हा माझ्यासारखी इंग्रजी कुणाची नाही, हे आईला ठाऊक होतं. तसं मीच तिला सांगितलं होतं.

मुलाखतीला एक बाई होत्या, माझ्या ताईएवढ्या. त्यांनी बोलण्यातल्या चुकांकडं काणाडोळा केला. मग कानाला हेडफोन लावायला दिला आणि एका परदेशी गिऱ्हाइकाचा रेकॉर्ड केलेला फोन ऐकवला. म्हणाल्या, या माणसाला काय हवंय ते सांगा.

त्या माणसाचा आवाज जाड होता, अडखळत होता. 'बंद करा', 'आई', 'आता नको', एवढं मला मिळालं.

मी ठामपणे सांगितलं, "गिऱ्हाईक रागावलेलं आहे. त्याच्या आईला सेवा आवडली नाही, म्हणून तो बंद करायला सांगतोय. आपण माफी मागून त्याला समजावलं पाहिजे."

बाईंनी रेकॉर्डिंग बंद केलं. मग मराठीत म्हणाल्या, "तो रागावलेला नाहीये. त्याची आई वारली आहे. तिच्या नावाचा फोन बंद करायचा आहे त्याला, आणि ते बोलताना त्याला रडू येतंय." त्यांनी माझ्या हातून हेडफोन घेतला. "तुम्ही ऐकलं नाहीत, तुम्ही ठरवलंत. तयारी करून पुन्हा या."

बाहेर ऊन रणरणत होतं. रस्ता रुंद करायला दोन्ही बाजूंची झाडं तोडलेली, त्यामुळं उभं राहायला सावली नव्हती. घरी जायला तोंड नव्हतं. मला त्या वेळी एकच माणूस हवा होता, जो म्हणेल, छोड यार, तेरी इंग्लिश मस्त है. मी दोन रिक्षा बदलून छावणीत गेलो. गुरुवार होता. बाजारामुळं गल्ली गजबजलेली होती. मी येतोय हे त्याला माहीत नव्हतं.

दार उघडंच होतं, पडदा लावलेला. मी चपला काढल्या. आतून खेळाचा आवाज येत होता आणि त्याच्यावर दोस्ताचा.

"अब वो बोलरा, अम्मी, के बचपन में ये डोंगर पे उसका बाप उसकू छोड़के गया था. बोला था आता मैं. पूरी रात बैठा वो. तब से उसकू अंधेरे में चलना आता."

"हाय अल्ला," खालाचा आवाज. "फिर अब अंधा हुआ तो क्या फरक पड़ता बोलके पूछरी क्या वो?"

"हौ, वैसाच कुछ. हँस रहे देखो दोनों."

मी पडदा थोडा बाजूला केला. खाला सुपात डाळ निवडत बसली होती. दोस्त माझ्याकडं पाठ करून. पडद्यावर बर्फ होता, बाई होती, आणि तिचा हात धरून तो म्हातारा चालत होता. जिवंत. डोळे मिटलेले, काठी पुढं टाकत, आणि सारखा बोलत. खाली ओळी पळत होत्या. दोस्त त्यांच्याकडं बघतही नव्हता. म्हातारा बोलायचा आणि हा ऐकता ऐकता आईला सांगायचा, न थांबता, न अडखळता, रोजच्या गप्पा माराव्यात तसा.

"कित्ता अच्छा है ये बुड्ढा," खाला म्हणाली. "वो तुम दोनों के खेल में काइकू मर गया फिर?"

"वो मास्तर बोला ना, गुस्से में है, जाने दे."

"गुस्से में था?"

"नई अम्मी. बोलरा था मेरेकू दिखता नई अब, मैं तुम पे बोझ हूँ. पर हाथ पकड़ोगे तो रस्ता बता सकता."

"तो तूने बताया काइकू नई उसकू?"

"अरे जाने दो ना. क्या बताना था? एकीच तो काम करता वो इधर आके. वो बी गलत करता बोलूँ तो फिर आएगा क्या?"

खालाच्या हातातलं सूप थांबलं. तिनं मला बघितलं होतं.

दोस्त वळला. त्याच्या हातात खेळाचं कंट्रोल तसंच होतं, त्यामुळं पडद्यावरची बाई आणि म्हातारा एका जागी उभे राहिले. वाऱ्यानं त्यांचे कपडे हलत होते.

"मास्तर," तो म्हणाला. "इंटरव्ह्यू कैसा हुआ?"

मी त्याला विचारलं, "तुला इंग्रजी येते?"

"येते म्हणजे... ऐकून ऐकून. लहानपणापासून हेच गेम, हेच पिक्चर. लिहिता येत नाही बघ. परीक्षेत..." गडबडला की तो माझ्याशी मराठीत बोलायचा.

"पहिल्या दिवसापासून?"

"तू येत नव्हतास," तो म्हणाला. "चहा दिला तरी कर्ज घेतल्यासारखा प्यायचास. मला वाटलं, याला काहीतरी काम दिलं तर बसेल."

"आणि तो म्हातारा?"

"अरे गेममधला म्हातारा तो. नंतर आपली गोष्ट तशीच ठेवून मी एकट्यानं पहिल्यापासून नवी सुरू केली, बस. तुझी गोष्ट पण चांगली होती यार. खरं सांगतो."

"आज मुलाखतीत मी, आई मेली म्हणून रडणाऱ्या माणसाला रागावलेला म्हणालो," मी म्हणालो. "तुझ्यामुळं."

हे अन्यायाचं होतं हे मला बोलतानाच कळत होतं. पण परत घेता आलं नाही, आणि अजूनही पुरतं घ्यावंसं वाटत नाही. वर्षभर मी त्या घरात मानानं बसलो होतो तो माझी सावड मी फेडतो आहे या समजुतीवर. आणि ती सावड खोटी होती. लोकर आधीच कातरून झालेल्या मेंढरावर कुणी आपल्याला कात्री चालवू द्यावी, वरून म्हणावं वा, काय हात आहे, आणि मग ताट वाढावं, तसं ते होतं. माझ्यासाठी एक गोष्ट आणि स्वतःसाठी दुसरी. माझ्या गोष्टीत म्हातारा मेलेला, त्याच्या गोष्टीत जिवंत. एकदा, फक्त एकदा तो म्हणाला असता, की मास्तर, नीट ऐक, तर मी ऐकायला शिकलो असतो. त्यानं माझा मान राखला आणि मला अडाणी ठेवलं.

खाला म्हणाली, "बेटा, पानी तो पी." मी पाणी न पिता निघालो.

त्या आठवड्यात मी कॉलेजला गेलो नाही. वडिलांनी मेंढरं विकली. फोनवर तेवढं एकच वाक्य बोलले. मी मुलाखतीचं काहीच सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

मग एका सकाळी टँकर येऊन गेल्यावर आमच्या दारात मोटरसायकल थांबली. दोस्त. पाठीला भलीमोठी पिशवी. तो याआधी आमच्या गावी कधी आला नव्हता. मीच कधी बोलावलं नव्हतं.

"मावशी, पाणी कुठं ओतायचं?" आईला त्यानं पहिलं वाक्य हे विचारलं आणि ओट्यावरचा भरलेला हंडा उचलला. आईनं तो लगेच काढून घेतला.

"आरं बाबा, शेरातून आलास, बस की जरा. हंडे वाहायला आलास व्हय?"

"काम केल्याशिवाय इथं जेवायला मिळत नाही म्हणून ऐकलंय."

"कुणी सांगितलं? ह्यानं? ह्यो लई शाणा हाय." आई हसली. मी हसलो नाही.

पिशवीतून त्यानं ते यंत्र काढलं. आमचा टीव्ही जुना, डब्यासारखा. त्याला जोडायच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी त्यानं कुठून तरी शोधून आणल्या होत्या. आईपुढं मला नाही म्हणता आलं नाही. त्यानं कंट्रोल माझ्या हातात दिलं. "आज तू खेळ. मी सांगतो. खरं खरं. एक शब्द इकडचा तिकडं करणार नाही, आई की कसम."

त्यानं आमचीच जुनी गोष्ट उघडली. बाई बर्फात एकटी. आमच्या टीव्हीवर खालची इंग्रजी अक्षरं इतकी पुसट दिसत होती की एकही ओळ वाचता येईना. नुसता पांढरा धूर. म्हणजे तो सांगेल तेच मला घ्यावं लागणार होतं. बाई कुणा खाणमालकाशी बोलत होती, दोस्त सांगत होता, आणि मी पडद्याऐवजी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. हे खरं का? की मला बरं वाटावं म्हणून? माझ्या हातून बाई भिंतीवर आपटत होती.

आई शेंगा फोडत बघत बसली होती. टीव्हीत बर्फ बघून तिला आधी मीठ वाटलं होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "ही बाई एकलीच का फिरती रं? वाट दावायला कुनी नाय का संगं?"

"होता ना मावशी," दोस्त म्हणाला. "एक म्हातारा होता. मेंढरंवाला."

"मंग? कुठं गेला?"

दोस्तानं माझ्याकडं बघितलं. खिंडीत बटण दाबण्याआधी बघितलं होतं तसंच. मग आईकडं वळून तो सहज आवाजात म्हणाला, "रागावला एकदा. म्हणाला, मी एकटा पुढं जातो. गेला निघून."

आई मोठ्यानं हसली. "अगदी आमच्या ह्यांच्यावानी. रागावलं की सुटलंच मानूस."

तो पुन्हा तेच करत होता. माझ्या घरात, माझ्या आईसमोर, माझी बाजू सांभाळून घेत होता, आणि आईची शपथ घेऊन एक तासही झाला नव्हता.

"तसं नाही आई," मी म्हणालो. "तो रागावला नव्हता. त्याला दिसेनासं झालं होतं. तो म्हणत होता, मी तुमच्यावर ओझं झालोय. हात धरलात तर वाट सांगेन. मला कळलं नाही. मी याला चुकीचं सांगितलं." जरा थांबून मी दोस्ताकडं बोट केलं. "याला कळलं होतं."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं आधी माझ्याकडं, मग त्याच्याकडं बघितलं. तिला खेळ, यंत्र, इंग्रजी यातलं काही ठाऊक नव्हतं. गोष्ट मात्र तिला पुरती समजली होती.

"तुला कळलं हुतं," ती त्याला म्हणाली, "मंग जाऊ कशाला दिलं त्याला?"

"मावशी, मला वाटलं..." दोस्त म्हणाला आणि तिथंच थांबला.

तो दुपारी जेवून गेला. आईनं त्याला शेंगा बांधून दिल्या, त्यानं दोन्ही हातांनी घेतल्या. पुढं मी शिकवण्या लावल्या, ऐकायला शिकलो, दुसरीकडं नोकरीला लागलो. तो आजही फोन करतो, ईदला बोलावतो, मी जातो, खालाच्या हातचं खातो. पण आईपुढं अर्धं सोडलेलं ते वाक्य त्यानं अजून पुरं केलेलं नाही, आणि तो एखाद्या गोष्टीला चांगली म्हणाला की मी ती दुसऱ्या कुणाला तरी विचारून घेतो.